साडेआठची मोटर

जगातली सगळी घड्याळं एकदम बंद पडली तरी निघोज्यात कुणाचं काही अडणार नाही. तिथे आमच्या घरमालकीण मावशी आहेत. पाण्याची मोटर त्या रात्री साडेआठला म्हणजे साडेआठलाच सुरू करत. जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर बारा खोल्या उभ्या राहिल्या, पण जनावरांना वेळेवर पाणी दाखवायची सवय काही गेली नाही. आता जनावरांच्या जागी आम्ही भाडेकरू होतो. आम्हाला नावं आहेत हे मावशींनी कधी मान्य केलं नाही, हाक जिल्ह्याच्या नावाने. "ए बीड, बादली उचल! लातूर, नळ सोड आता, आंगुळ करतो का काय हितं?" मी परभणी. "आमच्या परभणीला पोरगी बघा कुणीतरी," असं त्या आल्यागेल्याला सांगत, आणि ऐकणाऱ्याला वाटे, अख्खा जिल्हा बोहल्यावर चढतोय.

ह्या मोटरीवर माझा जीव टांगलेला होता, हे मात्र फक्त मलाच ठाऊक, असा माझा समज होता. मला एचआयव्ही आहे. रोज एक गोळी, ठरल्या वेळी, न चुकता. एवढं सांभाळलं की बाकी सगळं सुरळीत. पण एका खोलीत आम्ही तिघं, बीड, लातूर आणि मी. मोबाइलचा गजर लावला, तर बीडने पहिल्याच दिवशी विचारलं, "भावा, रोज ह्या टायमाला कुणाची आठवण येते रे?" गजर काढून टाकला आणि एक अफलातून युक्ती शोधली. मोटर सुरू झाली की सगळे बादल्या घेऊन नळावर धावत. मीही धावायचो, बादली रांगेत ठेवायचो, रिकाम्या खोलीत परत यायचो आणि गोळी गिळायचो.

मग मोटर कुरकुरायला लागली. मी कंपनीत फिटर! "मेकॅनिक कशाला, मावशी? मी आहे ना," म्हणत ती उघडली, जोडली, बटण दाबलं. धूर निघाला. नवी मोटर येईपर्यंत पाणी टँकरचं, तेही दिवसा. साडेआठला दोघंही खोलीत आडवे. माझी बाटली बॅगेच्या तळाशी आणि हिंमत त्याच्याही खाली. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी औषधं आणायला सरकारी दवाखान्यातल्या केंद्रावर गेलो. समुपदेशक ताईंनी उरलेल्या गोळ्या मोजल्या.

"चार जास्त कशा?"

"ताई, मोटर जळाली होती."

"पोटात बसवलीय का मोटर?" आधी त्या हसल्या, मग हसल्या नाहीत. "असं तुटत गेलं तर हेच औषध उद्या लागू पडणार नाही. जवळच्या एका तरी माणसाला सांगून ठेवा."

सांगणार कुणाला? कळलं तर खोली जाईल, ह्याच धास्तीत घरी आलो. ठीक साडेआठला अंगणात थाळी वाजली. "पाणी आलं रे!" सगळे बादल्या घेऊन सुटले. मीही सुटलो, तर दारात मावशी, हातात थाळी.

"तू कुठं निघाला, परभणी? मोटर तूच जाळली ना, पाणी कुठनं यील? आत जा, तुजं घे."

मी बादली खाली ठेवली.

"रोज बादली ठिवून मागं फिरायचा, बाटलीतनं गोळी काढायचा, ते काय दिसत न्हाई व्हय? माज्या धाकट्या भावाची बी अशीच बाटली व्हती. बरं वाटाया लागलं, म्हून सोडली त्यानं. गेला." त्यांनी थाळीवर पुन्हा एक ठोका दिला.

"मावशी, खोली..."

"खोली कुठं पळून जातीय? घे आदी."

तिकडून लातूर ओरडला, "मावशी, नळ कोरडाच हाय की!"

"मग मी काय करू? हवा आली आसंल!"

नवी मोटर बसेपर्यंत रोज थाळी वाजली. म्हातारी चळली, असं सगळ्या भाडेकरूंनी एकमताने ठरवलं. मावशींनी ते मुकाट सोसलं.

पुढे तपासणीत माझ्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला. गोळी चालूच आहे. आता मी तळवड्यात एकटा राहतो, उघडपणे गजर लावतो. तरी साडेआठला मावशींचा मिस्ड कॉल येतोच. मी कट केला म्हणजे गोळी घेतली, असा आमचा करार. हल्ली त्यांना आठवत नाही फारसं. काल साडेआठला एकदा आला, पावणेनऊला पुन्हा. "मावशी, आत्ताच तर झाला," असं सांगायला जीभ रेटेना. मी दुसऱ्यांदाही कट केला.