कच्च्या कैदेतली वकीलमावशी

मतदानाच्या दिवशी वकीलमावशी मत दिल्याशिवाय चहाचा घोटही घेत नसे. पांढरं लुगडं नेसून ती आंधळगावच्या शाळेपुढे दार उघडण्याआधीच हजर. कोर्टाशी तिचा काही संबंध नव्हता. ती विड्या वळायची. पण तलाठी असो की सरपंच, प्रत्येकाला ती ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, विचारी, म्हणून गावानं तिला वकील करून टाकलं.

“एका मतानं काय होते?” असं कोणी म्हटलं की तिच्या हातातलं पान थांबे. “माह्या आज्यानं मालगुजाराचं, गावच्या जमीनदाराचं, धान कापता कापता जलम काढला. तवा मत मालगुजाराले होतं, आज्याले नाही. जमीन नाही तं मत नाही. आजीले तं कोनी विचारलंच नाही. आमाले घटनेनं देल्लं, समजलं?”

गावातलं दारूचं दुकान बंद करा म्हणून बायकांनी मोर्चा काढला, त्यात मावशी पुढे होती. ढकलाढकलीत दुकानाची काच फुटली. तेव्हा ती माझ्या आईचा हात धरून रस्त्यापलीकडे उभी होती, तरी मालकानं तक्रारीत पहिलं नाव तिचंच घातलं. तिला अटक झाली. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. ज्यांच्या नावावर शेती होती त्यांना दुकानदाराशी वैर नको होतं. तेवढ्यात निवडणूक आली.

मी तुरुंगात भेटायला गेलो. जाळीपलीकडून तिनं आधी हेच विचारलं, “बाबू, मतदान इथंच होते का शाळेत नेतेत?”

पहाऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, “कैद्यांना मत नसतं, मावशी.”

“माह्यावर गुन्हा साबित झाला काय?”

“नाही.”

“मंग?”

“कायदाच आहे तसा.”

त्याच निवडणुकीत एक पुढारी दुसऱ्या तुरुंगातून उभा होता. बराकीतल्या टीव्हीवर तिनं ते पाहिलं होतं. “मंजे त्याले मत मागता येते, आन् मले देता येत नाही?”

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं. जामिनावर सुटलेला आरोपी मत देतो; ज्याच्यासाठी कोणी सातबारा घेऊन कोर्टात येत नाही, त्याचं मत बुडतं. मालगुजारी गेली म्हणतात. कुठे गेली?

मतदान उरकल्यावर माझ्या मामांनी आपलं शेत तारण ठेवून जामीन दिला आणि ती सुटली. खटला रेंगाळला. शेवटी कोर्टानं तिला निर्दोष ठरवलं. आम्ही उठलो, ती पिंजऱ्यातच उभी.

“साहेब, मी निर्दोष, तं माहं मत गेलं ते कोन वापस देईल?”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. “ते माझ्या हातात नाही, बाई.”

“मंग कोनाच्या हातात हाये? नाव सांगा.”

शिपायानं पुढचं प्रकरण पुकारलं.

पुढची निवडणूक मावशीनं पाहिली नाही. धानकापणीच्या दिवसांत ती तापानं गेली. त्या निवडणुकीत मत देऊन मी मुद्दाम तुरुंगावरून आलो. आत तिच्यासारख्या, गुन्हा सिद्ध न झालेल्या बाया बसल्या असणारच. बाहेर, तुरुंगाच्याच भिंतीवर, नवाकोरा फलक होता: ‘एकही मतदार वंचित राहू नये.’