फोटोत न दिसणारे कोच परकार

मोहिद्दीन परकार मूळचे हर्णैचे. एका अमेरिकन तेल कंपनीच्या टेक्निकल कॉलेजात ते क्लार्क होते. कॉलेज म्हणजे दुबईत, देऱ्याच्या वस्तीबाहेर वाळूत ठोकलेल्या चार पत्र्याच्या खोल्या आणि आम्ही चौतीस विद्यार्थी. टायपिंगमध्ये परकारांचा हात कोणी धरू शकत नसे, थापांमध्ये तर नाहीच. हर्णैच्या फुटबॉल टीमचे आपण कॅप्टन होतो, असं ते येईल त्याला ऐकवत.

१९६७ साली हार्लन नावाचे नवे प्रिन्सिपॉल अमेरिकेहून आले. ज्या कॉलेजला फुटबॉल टीम नाही ते कॉलेजच नव्हे, असं त्यांचं मत होतं. परकारांची थाप त्यांच्या कानावर गेली आणि परकार असिस्टंट कोच झाले.

बोटीने बॉल आले ते लांबट निघाले. प्रवासात दबले असतील म्हणून परकारांनी एकाला पंप लावून गोल करून पाहिलं, तो फुटला. मग त्यांनी बॉल बनवणाऱ्या कंपनीला तक्रारीचं पत्र टाईप केलं. ते पत्र वाचून साहेब बराच वेळ हसले. अमेरिकेत फुटबॉल हातात घेऊन पळतात, हे परकारांना तेव्हा कळलं. आम्हाला मात्र त्यांनी सांगितलं की हर्णैला दोन्ही प्रकार चालायचे.

होस्टेलला पंखे मिळावेत म्हणून आम्ही दोन वर्षं अर्ज करत होतो. पंखे आले नाहीत. हेल्मेटं विमानाने आली.

अमेरिकेत सीझन सप्टेंबरात सुरू होतो, म्हणून दुबईतही सप्टेंबरातच सुरू झाला. पहिली मॅच कंपनीच्याच ड्रिलिंगवाल्या अमेरिकनांशी. आम्ही शून्य, ते चौपन्न. हेड ऑफिसच्या रिपोर्टात परकारांनी लिहिलं, ‘टीमला मोलाचा अनुभव मिळाला.’ साहेब खूश झाले.

दुसरी मॅच शारजाच्या छावणीतल्या इंग्रज सोल्जरांशी झाली. ते आपला रग्बी खेळत होते, आम्ही काय खेळत होतो ते आम्हालाच ठाऊक नव्हतं. आमच्यात सगळ्यात दांडगा श्रीवर्धनचा हमदुल्ला. उन्हात हेल्मेट घालून तासभर धक्के खाल्ल्यावर तो उभ्याचा आडवा झाला. परकार धावत मैदानात गेले, त्याचं हेल्मेट ओढून काढलं आणि पाण्याचा डबा त्याच्या डोक्यावर रिकामा केला. हमदुल्लाने डोळे उघडले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं उरलीत, बाकीचे खेळतील, ते म्हणाले.

“नो सर. मॅच खलास,” परकार म्हणाले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “हेल्मेटं काढा रे. सगळ्यांनी.”

आम्ही काढली. साहेबांसमोर मान वर करून बोललेले परकार आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. बहुतेक त्यांनीही.

दुसऱ्या दिवशी त्यांचं कोचपद गेलं. त्या ऑर्डरच्या तीन कॉप्या त्यांनाच टाईप कराव्या लागल्या.

तिसऱ्या मॅचला अबुधाबीहून येणारी टीम पोचलीच नाही, तिची लॉरी वाटेत वाळूत रुतली. साहेबांनी आम्हाला विजयी जाहीर केलं आणि लगेच फोटो काढला. परकारांना त्यात बोलावलं नाही, फक्त खालची नावं टाईप करायला सांगितलं. साहेबांनी न वाचता सही केली. कंपनीच्या मासिकात फोटो छापून आला, खाली अकरा खेळाडूंची नावं, ‘मधोमध प्रिन्सिपॉल हार्लन’, आणि शेवटी एक ओळ: ‘असिस्टंट कोच एम. आय. परकार फोटोत दिसत नाहीत.’

विजयी सीझनबद्दल साहेबांना बढती मिळून ते अमेरिकेला गेले. परकारांनी मासिक हर्णैला बायकोकडे, कुबराकडे पाठवलं. तिने ते मास्तरांकडून वाचून घेतलं आणि पत्रात विचारलं, सगळे फोटोला उभे होते तेव्हा तुम्ही कुठे होता?

परकारांनी उलट टपाली कळवलं की फोटो आपणच काढला.