सावकाश हाताची काडतुसं

डेलमर हाउगेनने आयुष्यभर लोकांचा गहू तोलला. मोंटानाच्या पूर्व भागात, रेल्वेच्या फाट्यावर धान्याचं उंच कोठार आहे. तिथल्या काट्यावर तो बसायचा. तो सांगेल तो आकडा शेतकरी ट्रकमधून खाली न उतरता मान्य करत. निवृत्त झाल्यावर त्याने तळघरात एक टेबल मांडलं आणि काडतुसं भरायला घेतली. मापाची सवय हाताला होतीच.

काम तसं निवांत. वापरलेली पितळी नळी धुवायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू मापून ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची आणि नळीचं तोंड तिच्याभोवती आवळायचं. रेडिओवर हवामान आणि गव्हाचे भाव चालू असायचे. निम्मी काडतुसं त्याची स्वतःची, निम्मी बहिणीची.

आयोन त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. नवरा गेल्यापासून रस्त्यापलीकडच्या घरात एकटी राहायची. गावाच्या नेमबाजी मंडळात दर महिन्याला जुन्या काळचे कपडे घालून स्पर्धा होते, आणि तिथे प्रत्येकाला एक टोपणनावही असतं. आयोनचं नाव होतं ‘कोरी कॉफी’. डेलमर फक्त रिव्हॉल्व्हर चालवायचा. आयोन रिव्हॉल्व्हर चालवायची आणि नवऱ्याची, आर्नेची, लीव्हरची रायफलसुद्धा. दोन्हींना काडतूस एकच. लीव्हर खाली-वर केला की रिकामी नळी बाहेर उडते आणि नवं काडतूस आत जातं. निदान जायला हवं.

मे महिन्यात ते गेलं नाही. रायफल मध्येच अडकली. पंच लाइल क्वामे धावत आला. “द्या मावशी, मी काढतो,” म्हणत त्याने रायफल तिच्या हातातून घेतली. पोरगा भला होता, पण सगळे बघत होते. जूनमध्ये पुन्हा तेच झालं, आणि या वेळी तो धावलासुद्धा नाही. आधीपासूनच जवळ येऊन उभा होता.

परतताना गाडीत आयोन आपल्या बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, “गसला देऊन टाकते ती.”

“काय?”

“रायफल. किती वर्षं मागे लागलाय. जुलैची स्पर्धा झाली की घेऊन जा म्हणते.”

“अगं, अडकते एखाद्या वेळी.”

“रायफल नाही अडकत, डेल. माझे हात अडकतात.”

गस टोम्टे हा मंडळाचा सगळ्यात चपळ नेमबाज. डेलमरने रायफल तपासायला म्हणून घरी आणली. दारू आणि टोपी नसलेली खोटी काडतुसं त्याच्याकडे तयारच असत. ती भरून त्याने लीव्हर चालवला. शिवणयंत्रासारखी चालली रायफल. पुन्हा भरली, पुन्हा चालली. त्याला हायसं वाटलं, पण क्षणभरच. काडतुसं निर्दोष असतील, तर आयोनचं म्हणणं खरं होतं. स्पर्धा नसेल तर ती घराबाहेर फक्त चर्चला आणि डॉक्टरकडे जाणार, हे त्याला ठाऊक होतं.

रविवारी चर्चनंतर तो तिच्याकडे कॉफीला गेला. रूबार्बच्या आंबट देठांचं सारण भरून भाजलेला ‘पाय’ होता. आयोनने कॉफीचं भांडं दोन्ही हातांनी उचललं, मनगट न हलवता, अगदी बेताने कलतं केलं. थेंब सांडला नाही, पण कप भरायला वेळ लागला.

“असं काय टक लावून बघतोस? कॉफी कधी पाहिली नाहीस?”

“पाहतोय,” डेलमर म्हणाला. ‘पाय’चा दुसरा तुकडा तसाच टाकून तो उठला.

“तब्येत बरी आहे ना तुझी?” तिने दारातून ओरडून विचारलं.

तळघरात त्याने रायफल पुन्हा भरली आणि या वेळी कॉफी ओतावी तसा लीव्हर चालवला. तिसरं काडतूस अडकलं. त्याने निरखून पाहिलं. गोळीला नाकाखाली धारदार खांदा होता, आणि तो खांदा रायफलच्या नळीच्या तोंडाला, कडेवर टेकून बसला होता. झटक्यात चालवणाऱ्याच्या हाती काडतूस रेट्यानेच आत घुसायचं. सावकाश हाताला रेटा नसतो. तो खांदा कागदी लक्ष्यावर गोल, सुबक भोक पाडतो, म्हणून डेलमरला आवडायचा. आणि स्पर्धेत तर लोखंडाच्या ताटल्यांवरच नेम धरायचा असतो!

त्याने दुसऱ्या गोळ्या मागवल्या: उतरत्या अंगाच्या, खांदा नसलेल्या, पण टोकाला चपट्या. रायफलच्या पोटात एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या टोपीला टेकून असतं, तिथे अणकुचीदार नाक चालत नाही, आतच बार उडेल. आधी खोटी काडतुसं केली. लीव्हर दोन बोटांनी, पेंगुळल्यासारखा चालवून पाहिला. लांबी किंचित वाढवली, तोंड जरा घट्ट आवळलं. एकही काडतूस अडेना, तेव्हा खरी भरायला घेतली. आयोनला तो काही बोलला नाही.

जुलैच्या स्पर्धेत लाइल पुन्हा जवळ येऊन उभा राहिला.

“सावलीत जा रे बाळा,” आयोन म्हणाली. “ऊन लागेल.”

तिने लीव्हर खाली केला, वर केला. ताटली वाजली. पुन्हा खाली, पुन्हा वर. मागे कुणीतरी जांभई दिली. दहाही ताटल्या वाजल्या, आणि लाइल हात खिशात घालून उभाच राहिला. वेळेच्या हिशेबात आयोनचा नंबर शेवटून पहिला आला.

गस टोपी हातात घेऊन आला. “मग मावशी, गाडीत ठेवू का रायफल?”

“कशाला?”

“तुम्हीच म्हणाला होतात ना...”

“मी गेल्यावर डेलमरला विचार.”

“आणि तो आधी गेला तर?”

“तो कुठे जातोय? माझी काडतुसं कोण भरेल मग?”

परतताना फाट्यावर मालगाडी आडवी आली. डेलमरने इंजिन बंद केलं. आयोनने खिशातून एक उरलेलं काडतूस काढलं आणि अंगठा त्याच्या टोकावरून फिरवला.

“नाक बदललंस.”

“हो.”

“आधी का नाही बदललंस?”

“मी नेहमी माझ्याच हाताने तपासत होतो,” डेलमर म्हणाला.

आयोनने काडतूस त्याच्या शर्टाच्या खिशात टाकलं. मालगाडी लांबलचक होती. दोघांनी डबे मोजले नाहीत.