चष्मा पुसणाऱ्या बाई

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचा टीव्ही आमच्यापेक्षा मोठा आहे. तरी संध्याकाळची मालिका त्या आमच्याकडे येऊन माझ्या आईसोबत बघतात. येताना वाटीभर फुटाणे आणतात, सोफा सोडून खाली फतकल मारतात आणि पडद्यावरच्या माणसांना मनसोक्त झापतात.

परवा मालिकेतल्या धाकट्या सुनेला एका गुंडानं घरातच ओलीस धरलं. बाई बेंबीच्या देठापासून ओरडल्या, “काहून छळून राहिला गा तिले? सोड न, मुडद्या!”

गुंडानं चाकू काढला. आईची अँजिओप्लास्टी नुकतीच झालेली. मी घाईनं रिमोट शोधू लागले. तेवढ्यात बाईंनी आईच्या डोळ्यांवरचा चष्माच काढून घेतला. “केवढा मळला हा, काकू!” म्हणत पदरानं पुसत बसल्या. तोंडानं गुंडाला शिव्या चालूच. पोलीस आले, सून सुटली, तेव्हा कुठे चष्मा आईला परत मिळाला.

दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, “तुम्हाला आधीच माहीत होतं ना?”

“मोबाइलवर आधीच येते न हा भाग, दुपारीच पाहून घेतला. काकूले झेपते का नाही, पाहा लागते न.” चपला घालता घालता त्या हळूच म्हणाल्या, “घरात एकटीच होती मी. हातपाय थंडे पडले माये.”

मी त्यांचा हात धरला.

आत आले तर आई म्हणाली, “लय भित्री हाये वं ते. रोज येऊ दे तिले आपल्याकडं.”