शहापुरात पोचलेला बाळंतविडा

लॉकडाऊन लागला आणि शहापुरातल्या आमच्या गल्लीतले साड्यांचे माग थांबले. आठवड्याच्या मजुरीवर चालणारी घरं लवकरच रिकामी होत गेली. आम्ही शाळेतल्या काही शिक्षिका मिळून घरोघरी तांदूळ, डाळ, तेल पोचवू लागलो.

गल्लीच्या टोकाला एक साड्या विणणारं जोडपं राहायचं. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, जावई गोव्यात कामाला, तिकडंच अडकलेला. मी पिशवी घेऊन दारात गेले तर घरातल्या आक्कांनी हात मागं घेतले.

"नको बाई. आमच्यापरास गरजू लई हाईत, त्यास्नी द्या."

तेवढ्यात आतून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

"आक्का, कधी झाली बाळंत?"

"परवा. पोरगी झाली." मग आवाज उतरला. "पर दूध पुरंना बाळाला. नुसत्या भातावर हाय लेक माझी, दूध येणार कुठलं?"

तरीही पिशवी त्यांनी घेतली नाहीच. घरी येऊन मी माहेरी येळ्ळूरला आईला फोन केला. सगळं ऐकून ती माझ्यावरच चिडली.

"अगं, बाळंतिणीच्या दारात शिधा घेऊन जात्यात व्हय? तिला बाळंतविडा द्यायचा असतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी येळ्ळूरहून दूध घालायला येणाऱ्या मामांनी गाडीवरून एक गाठोडं उतरवलं. अळीव, डिंक, सुकं खोबरं, गूळ, शेपूची जुडी, तुपाची बरणी, आमच्या शेतातला वासाचा तांदूळ. आईनं शेजारणींनाही सांगितलं होतं, त्यामुळं लसूणच चार घरचा होता. वर तिचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं, बाळाच्या दुपट्यांसाठी.

मी हळदीकुंकवाची कुयरी घेऊनच गेले.

"आक्का, माझ्या आईनं बाळंतविडा धाडलाय."

त्या गाठोड्याकडं बघत राहिल्या. मग डोक्यावर पदर घेतला आणि ओटी पुढं केली. "आईनं धाडलाय म्हटल्यावर न्हाय कसं म्हणू?" डोळे पुसता पुसता हळूच म्हणाल्या, "बाई, कालची ती पिशवी... दिली का कुणाला?"

"न्हाय हो, घरातच आहे," म्हणत मी हसतच ती आणायला पळाले.

त्यानंतर आई रोज सकाळी फोनवर आधी एकच विचारायची, "दूध आलं का गं तिला?" ज्या दिवशी मी "आलं, बाळाला पोटभर पुरतंय" म्हणाले, त्या दिवशी तिनं आधी शेजारणीला हाक मारून ते सांगितलं. मग म्हणाली, "बरं झालं. अजून खोबरं धाडते."

बारशाला मी तोंडाला मास्क लावून उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आक्कांनी घुगऱ्यांचा द्रोण हातात दिला आणि बाळाचं तोंड माझ्याकडं वळवलं. ते गाढ झोपलं होतं.

पुढं माग सुरू झाले, जावईही परत आला. ती पोरगी आता आमच्याच शाळेत येते. मधल्या सुट्टीत सगळ्यांशी गप्पा मारत बसते आणि डबा संपवायला लई वेळ लावते.