तिच्या माहेरचा दुखवटा

प्रेमनगरात लग्न ठरलं की लोक विचारतात, टेंट छोट्याचा की बड्याचा? छोटा मी, बडा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर दुकान कोणी चालवायचं यावरून भांडलो आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दोन टेंट हाउस झाले. त्याने गादीच्या खुर्च्या आणल्या की मी झुंबरं आणणार, मी कूलर घेतले की तो जनरेटर घेणार. गिऱ्हाइकांची चैन झाली. आमचं बोलणं मात्र बंद.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी, थोरली त्याची, धाकटी माझी. त्या देवळात गुपचूप भेटायच्या. मला माहीत होतं.

या उन्हाळ्यात माझी गेली. तेराव्याला माहेरचा दुखवटा लागतो. माहेरच्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर टोपी घालायची, गोड घास भरवायचा, मग माणूस पुन्हा कामाला लागतो. तिला आईबाप नाहीत, भाऊ नाही. माहेर म्हणजे ती एक बहीण, आणि ती त्याच्या घरात.

मुलगा म्हणाला, टोपी बाजारातून आणू, कुणाला कळतंय. मी म्हटलं, नको. तिला माहेर आहे. येतील तर येतील. म्हटलं खरं, पण नजर सारखी रस्त्यापलीकडे जात होती. कुणीच आलं नाही तर माझ्या भांडणापायी ती बिनमाहेरची ठरणार होती.

तेराव्याला पानं वाढायची वेळ झाली, भटजी घड्याळ बघू लागले, तेव्हा वहिनी आली. हातात झाकलेलं ताट. मागे दादा, गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढत होता. वहिनीने मला पाटावर बसवलं. टोपी दादाने घातली. ती घसरून कानावर आली.

"डोकं केवढंसं झालंय. जेवतोस का नाही?" तो म्हणाला.

"जेवतो."

"खोटं बोलतोस. आ कर."

लाडवाचा घास तोंडात होता आणि मला रडू फुटलं. ती गेल्यापासून रडलोच नव्हतो. वहिनी पाठीवरून हात फिरवत राहिली.

डोळे पुसून बघतो तर दादा मांडवात फिरून माझ्याच माणसांना झापत होता, "भैया, ये कनात किसने बाँधी? सगळं ऊन पंगतीवर येतंय." माणसं माझ्याकडे बघू लागली. म्हटलं, ते सांगतात तसं करा.

जेवताना तो शेजारी बसला. मी स्पष्ट सांगितलं, दुकानं दोनच राहतील.

"राहू दे की," तो म्हणाला आणि माझ्या पानात भात वाढायला लावला. मी सगळा खाल्ला.