चादरीखालचा पाय

शिलाई मशीनला तेल घातलं की तो वास बोटांना राहतो, आणि मला नव्वदच्या दशकातली आयसीयूची ती खोली आठवते.

मल्लेश्वरमला आमचं शिवणकामाचं दुकान होतं. न्यूमोनिया झाला आणि माझे वडील, अण्णा, व्हेंटिलेटरवर गेले. त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "आज मशीनचे श्वास कमी करून बघू. उरलेले त्यांनी स्वतः घ्यायला हवेत." आदल्या दिवशी हाच प्रयत्न फसला होता. अण्णांच्या तोंडात नळी, डोळे मिटलेले. मी पडद्यावरच्या आकड्यांवरून नजर हलवत नव्हते.

तेवढ्यात चादरीखाली त्यांचा उजवा पाय हलायला लागला. टाच, चवडा, टाच, चवडा. झटका आला असं वाटून सिस्टर पाय धरायला धावली.

"स्वल्प, थोडं थांबा, सिस्टर," आई शांतपणे म्हणाली. "धरू नका. ते शिवतायत."

मला तिचा रागच आला. माणूस श्वासासाठी झगडतोय आणि हिला दुकान सुचतंय. डॉक्टरांनी मात्र पाय पाहिला, मग छाती. ती आपली आपण वर येत होती. "सरी," ते कानडीत म्हणाले, "ठीक आहे, चालू दे." संध्याकाळी नळी निघाली.

आता अण्णांच्या त्या पायडलवर माझा पाय असतो. सुईत दोरा ओवताना माझा श्वास आपोआप रोखला जातो, पाय चालू झाला की सुटतो. अण्णांचंही तसंच होतं. शेजारी बसून काजं करता करता आई तो रोखलेला, सुटलेला श्वास वर्षानुवर्षं ऐकत आली होती.